पेशींमधली खाडी: मण्यार चावते तेव्हा नेमकं काय तुटतं?

दर पावसाळ्यात ही बातमी आतल्या पानावर येते. रात्री जमिनीवर झोपले होते, पहाटे पोटात दुखू लागलं, पित्त झालं असेल म्हणून घरगुती उपाय केले, सकाळी बोलता येईना, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. साप बहुतेक वेळा मण्यार असतो. वाचणाऱ्याला कोडं पडतं ते असं की चावलं पायाला, सूज नाही, धड जखमही दिसत नाही, मग श्वास कसा थांबतो?

आमच्या घरची बातमी छापून यायची थोडक्यात टळली. श्रावणातली रात्र. मामा पडवीत चटई टाकून झोपलेला. चारच्या सुमाराला पोटात कळ आली म्हणून उठला. मामीने ओवा दिला, वर गरम पाणी. सात वाजता तोंड धुताना म्हणाला, "अगो, मला दोन-दोन बादल्या दिसतायत." चहाचा घोट घेतला तो नाकातून परत आला. आवाज गेंगाणा झाला. पापण्या इतक्या जड की बोटाने वर धराव्या लागत होत्या. अंगभर शोधलं तरी दंशाची खूण सापडेना. जीपमधून तालुक्याला, तिथून चिपळूणला, आणि दुपारपर्यंत मामा व्हेंटिलेटरवर. बोट हलेना, पापणी लवेना. पाहणाऱ्याला वाटावं, संपलं.

नवव्या दिवशी नळी निघाली आणि घसा मोकळा झाल्यावर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते, "मला सगळं ऐकू येत होतं." दोन नातेवाईक पलंगाशी उभं राहून त्याच्या हापूसच्या कलमांच्या वाटणीचं बोलत होते, तेसुद्धा.

म्हणजे मेंदू टक्क जागा होता. स्नायू धडधाकट होते. मेंदूपासून स्नायूपर्यंत येणारी तारही अगदी टोकापर्यंत शाबूत होती. निरोप अडला तो त्या टोकाशी, स्नायू जेमतेम ५० नॅनोमीटर उरलेला असताना. केसाच्या जाडीच्या साधारण दीड हजाराव्या भागाएवढं हे अंतर. सगळी गोष्ट तिथली आहे.

## आधी ‘नस’ या शब्दाचा घोळ

मराठीत आपण ‘नस कापली’ म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी असते आणि ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा काहीतरी वेगळंच. या दुसऱ्या नसेबद्दल आपण बोलतो आहोत. ती पोकळ नळी नाही, तिच्यातून रक्त वाहत नाही. ती म्हणजे चेतापेशींच्या लांबच लांब शेपट्यांची जुडी. चेतापेशी, म्हणजे निरोप पोचवण्याचंच काम करणारी पेशी. तिची शेपटी केवढी असावी? कमरेपाशी मणक्यात बसलेल्या पेशीची शेपटी पायाच्या बोटांपर्यंत जाते, जवळजवळ मीटरभर. एकट्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत.

एका पेशीची शेपटी जिथे दुसऱ्या पेशीला भेटते, तिथे त्या दोघी एकमेकींना चिकटत नाहीत. मधे फट राहते. या भेटीच्या जागेला सिनॅप्स म्हणतात. फटीच्या अलीकडे बोलणारी पेशी, पलीकडे ऐकणारी. ऐकणारी दुसरी चेतापेशी असेल किंवा स्नायूची पेशी असेल. मामाची गोष्ट स्नायूची आहे, म्हणून आपणही बराच वेळ तिथेच थांबू. मेंदूतला सिनॅप्स याहून गुंतागुंतीचा असला तरी घडण तीच.

## तारेतून वीज जाते, पण घरच्या वायरीसारखी नाही

शेपटीतून जाणारा निरोप विजेचा असतो हे खरं. पण तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन धावतात तसं इथे काही धावत नाही. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने किंचित ऋण, एक व्होल्टच्या सुमारे सात शतांश. निरोप सुटला की पेशीच्या आवरणातली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि त्या जागचा विद्युत्भार क्षणभर उलटा होतो. त्या उलथापालथीने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. शाळेच्या भिंतीला ओळीने लावलेल्या सायकलींतली एक पडली की सगळी रांग आडवी होते, तसं. फरक एवढाच की या सायकली पुढच्या काही हजारांश सेकंदांत आपोआप उठून पुन्हा उभ्या राहतात.

हा वेग सगळ्या तारांत सारखा नसतो. सगळ्यात जलद चेतातंतूंत सेकंदाला १०० मीटरच्या आसपास, सगळ्यात संथ तंतूंत सेकंदाला मीटरभर. पायाला ठेच लागते तेव्हा आधी ‘लागलं’ हे चटकन कळतं आणि खरी ठणकणारी कळ क्षणभर मागून येते, हे प्रत्येकाने अनुभवलं असेल. दोन्ही निरोप निघाले एकाच वेळी, पण एक जलद तारेने आला आणि दुसरा संथ तारेने.

तर सायकलींची रांग पडत पडत शेपटीच्या टोकाशी आली. पुढे फट. सायकल हवेत पडून उपयोग काय?

## ठिणगी की रसायन, यावरून झालेलं भांडण

फट आहे की नाही यावरूनच आधी वाद होता. इटलीच्या कामिल्लो गोल्जीने चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसतील अशी रंगवण्याची पद्धत काढली, आणि त्याचं मत होतं की हे सगळं एकसंध जाळं आहे. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने त्याचीच पद्धत वापरून सांगितलं की नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल दिलं गेलं आणि गोल्जीने आपल्या नोबेल भाषणातच काहालच्या मताला विरोध केला. तो समारंभ पाहायला हवा होता. ‘सिनॅप्स’ हा शब्द मात्र १८९७ मध्येच, इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टनने रूढ केला होता. फट प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

फट आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न, ती ओलांडायची कशी? एका गटाचं म्हणणं, विजेची ठिणगी उडी मारते. दुसऱ्याचं, काहीतरी रसायन जातं. याचा निकाल ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात ऑटो लोवीने लावला, तोही स्वप्नात. तो सांगत असे की रात्री प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत कागदावर खरडला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न परत पडलं. या वेळी मात्र तो उठला आणि तडक प्रयोगशाळेत गेला.

प्रयोग असा. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही द्रावणात ठेवलेली, दोन्ही धडधडणारी. पहिल्याला एक नस जोडलेली, जी हृदयाचे ठोके मंदावते. त्या नसेला विजेचा झटका दिला, पहिलं हृदय मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसऱ्याला ना नस ना झटका. तरी तेही मंदावलं. म्हणजे नसेच्या टोकातून काहीतरी पाण्यात उतरलं होतं. हे काम १९२१ सालचं. पुढे त्या ‘काहीतरी’चं नाव ठरलं, ॲसिटिलकोलिन. इंग्लंडच्या हेन्री डेलने या रसायनावर आधीपासून काम केलं होतं. १९३६ चं नोबेल त्याला आणि लोवीला मिळून मिळालं.

## दाभोळचा धक्का

दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जायचं तर एसटी तुम्हाला धक्क्यापाशी आणून सोडते. पुढे वाशिष्ठीची खाडी. बोटीत बसायचं, पलीकडे उतरायचं आणि गुहागरची दुसरी गाडी पकडायची. सिनॅप्सचंही असंच. अलीकडे विजेची गाडी, मधे रसायनाची बोट, पलीकडे पुन्हा विजेची नवी गाडी.

जरा जवळून पाहू. शेपटीचं टोक फुगीर असतं आणि त्यात ॲसिटिलकोलिनच्या हजारो पुड्या भरून ठेवलेल्या असतात. एका पुडीत साधारण पाच ते दहा हजार रेणू. विजेची लाट टोकाशी आली की कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरणं हाच सुटण्याचा इशारा. पुड्यांना आणि आवरणाला प्रथिनांचे दोर जोडलेले असतात, ते पीळ भरल्यासारखे आवळतात, पुडी आवरणाला टेकते, फुटते आणि आतला माल खाडीत ओतला जातो. पुडी एक तर पूर्ण रिकामी होते नाहीतर मुळीच नाही. किरकोळ विक्री नाही, हे बर्नार्ड कॅट्झने दाखवलं आणि १९७० च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

पलीकडच्या काठावर, स्नायूच्या आवरणात, कुलूप लावलेली दारं असतात. ॲसिटिलकोलिनचे दोन रेणू दोन खाचांत बसले की दार उघडतं, सोडियम आत घुसतं, स्नायूत नवी विजेची लाट उठते आणि स्नायू आकसतो. झाला हात वर. पुडी फुटण्यापासून स्नायूत लाट उठेपर्यंतचं सगळं साधारण एक हजारांश सेकंदात.

बोटीची उपमा इथपर्यंत चालते, पुढे मोडते. रसायन पलीकडच्या पेशीत उतरत नाही. ते दारातून हाक मारतं आणि दारातच संपतं. संपवलं जातं, असं म्हणायला हवं. खाडीतच एक सफाई कामगार बसलेला असतो, ॲसिटिलकोलिनेस्टेरेज नावाचं एन्झाइम. नाव एवढं एकदाच, पुढे त्याला सफाईवाला म्हणू. एकेक सफाईवाला सेकंदाला हजारो रेणू तोडतो. तो नसता तर एका हाकेला स्नायू आकसला तो आकसलेलाच राहिला असता. हाक पोचण्याइतकंच ती वेळेवर थांबणंही गरजेचं.

आता या बंदरात बिघाड कुठे कुठे करता येईल ते बघा. माल अलीकडे अडवता येईल. पलीकडचं कुलूप बुजवता येईल. सफाईवाल्याला बांधून ठेवता येईल. निसर्गाने आणि कारखान्यांनी हे तिन्ही केलंय.

## मण्यार अलीकडचा धक्का फोडते, नाग पलीकडचं कुलूप बुजवतो

मण्यारीच्या विषातला मुख्य घटक शेपटीच्या टोकावर चालून जातो. आधी पुड्या बेभान सुटतात, मग साठा संपतो आणि टोकच उद्ध्वस्त होतं. मेंदू हुकूम सोडतोय, तारेतून लाट येतेय, पण धक्काच उरला नाही. डोळ्यांचे आणि घशाचे छोटे स्नायू आधी बंद पडतात, म्हणून दोन-दोन बादल्या, म्हणून नाकातून आलेला चहा. श्वासाचे स्नायू त्यानंतर. सूज किंवा मोठी वेदना नसते, कारण हे विष चावल्या जागचं मांस फारसं नासवत नाही. पहाटेची पोटदुखी मात्र मण्यारीच्या दंशात वारंवार दिसते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला अचानक पोटात कळ आली आणि पापण्या जड झाल्या तर ओवा ठेवून द्या आणि गाडी काढा. पट्ट्या आवळणं, जखम कापणं यात वेळ घालवू नका.

नागाच्या विषातला चेतासंस्थेवर काम करणारा भाग वेगळ्या ठिकाणी बसतो. तो पलीकडच्या दाराच्या खाचेत ॲसिटिलकोलिनच्या जागी ठाण मांडतो. दार उघडत नाही आणि खऱ्या किल्लीला जागाही मिळत नाही. वरून लक्षणं बरीचशी सारखी, पापण्या जड, गिळता येत नाही, श्वास थकतो. पण नाग चावला की बहुधा सूज आणि वेदना असते, आणि आतला बिघाड दुसऱ्या काठावर असतो.

हा फरक पुस्तकी नाही. नागाच्या दंशात डॉक्टर कधी कधी निओस्टिग्मिन देतात. हे औषध सफाईवाल्याला थोड्या वेळापुरतं रोखतं, खाडीत ॲसिटिलकोलिन साठतं आणि विषाशी जागेसाठी रेटारेटी करू लागतं. कधी कधी मिटलेल्या पापण्या काही मिनिटांत वर येतात. मण्यारीला याचा सहसा उपयोग होत नाही. अलीकडून मालच सुटत नाही, तर सफाईवाल्याला सुट्टी देऊन काय होणार?

आणि प्रतिसर्प लस? ती रक्तातलं मोकळं विष पकडते. फुटलेला धक्का ती बांधून देत नाही. म्हणून ती जितक्या लवकर मिळेल तितकी कामाची, आणि म्हणूनच लस मिळूनही मण्यारीचा रुग्ण दिवसेंदिवस व्हेंटिलेटरवर राहू शकतो. नातेवाइकांना वाटतं औषध लागू पडत नाहीये. खरं तर टोकं नव्याने उगवायची वाट पाहिली जात असते, आणि त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. तोवर छाती यंत्राने हलवायची, एवढंच. विष मेंदूत शिरत नाही, कारण रक्तातल्या मोठ्या रेणूंना मेंदूत जायला सहजी वाट नसते. म्हणून मामा ऐकत होता.

## पण आमच्याकडे मांत्रिकाने माणूस बरा केलाय

हे ऐकावं लागतंच. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशा दंशात मांत्रिक, कोंबडी, लिंबू, काहीही चालतं, कारण काहीच न करता चाललं असतं. अलीकडचा धक्का फुटला असेल तर मंत्राने तो बांधून होत नाही.

दुसरी आवडती गोष्ट मुंगसाची. ते म्हणे रानात जाऊन कुठलीशी वेल चाटून येतं आणि मग त्याला नागाचं विष बाधत नाही. वेल खोटी, पण मुंगसाला नागाचं विष सहजी बाधत नाही हे खरं. त्याच्या स्नायूंवरचं कुलूपच थोडं बदललेलं आहे. खाचेपाशी साखरेच्या रेणूंची एक शाखा लोंबते आणि काही सुटे भागही वेगळे आहेत, त्यामुळे नागाच्या विषाला नीट बसता येत नाही. ॲसिटिलकोलिन लहान, ते शिरतं. खुद्द नागाच्या स्नायूंवरही अशीच तजवीज असते, नाहीतर त्याची पंचाईत झाली असती.

## फवारणी: हाक थांबतच नाही

२०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. कापूस त्या वर्षी डोक्याएवढा वाढला होता, ऊन होतं, अंगात साधा सदरा. तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही नावं होती. ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. या गटाचं काम एकच, सफाईवाल्याला जखडायचं. किडीचाही सफाईवाला साधारण तसाच असतो, त्यामुळे कीड मरते. अडचण अशी की हे विष किडीचा आणि माणसाचा सफाईवाला वेगळा ओळखत नाही, आणि ते त्वचेतूनही आत जातं.

मग खाडीत ॲसिटिलकोलिन साठतच जातं. तोंडाला फेस, डोळ्यांना पाणी, घाम, जुलाब, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कातडीखाली स्नायू किड्यांसारखे वळवळतात आणि शेवटी थकून लुळे पडतात. मण्यारीत हाक पोचत नाही म्हणून स्नायू लुळा, इथे हाक थांबत नाही म्हणून लुळा.

लक्षात आलं असेल, निओस्टिग्मिनही सफाईवाल्यालाच रोखतं. नागावरचं औषध आणि कपाशीवरचं विष एकाच जागी काम करतात. एक मोजून दिलेलं आणि काही तासांत ओसरणारं, दुसरं बेहिशेबी आणि चिकटून बसणारं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत चकित करणारी गोष्ट वाटते.

## आणि धोतरा औषध कसा?

फवारणीच्या विषावर पहिलं औषध ॲट्रोपिन. धोतऱ्यात असणाऱ्या विषारी द्रव्यांच्याच कुटुंबातलं. चुकून धोतऱ्याचं बी खाल्लेल्या पोराला पाहिलं असेल तर आठवा: तोंड कोरडं ठणठणीत, अंग तापलेलं, बाहुल्या मोठाल्या, बडबड असंबद्ध. फवारणीच्या विषाच्या बरोबर उलट. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिनच्या काही दारांवर बसतं आणि त्याला आत येऊ देत नाही. बाहेर हाकांचा गदारोळ चालू असला तरी दार बंद. छातीतली घरघर सुकेपर्यंत डॉक्टर ते देत राहतात.

‘काही दारांवर’ म्हटलं, कारण ॲसिटिलकोलिनची कुलपं दोन घराण्यांची आहेत. ग्रंथी, हृदय, आतडं यांच्यावर एक, आणि हातापायाच्या स्नायूंवर दुसरं. ॲट्रोपिन पहिल्यालाच लागतं. त्यामुळे लाळ थांबली, घाम थांबला तरी छातीचे स्नायू लुळेच राहू शकतात आणि रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. रसायन एक, पण अर्थ ठरतो तो ऐकणाऱ्याच्या कुलपावरून. लोवीच्या बेडकाचं हृदय ॲसिटिलकोलिनने मंदावलं होतं, स्नायू मात्र त्यानेच आकसतो.

कोकणातल्या लाल विंचवाची गोष्ट याच जातीची. त्याचं विष तारेतली सोडियमची दारं लवकर मिटू देत नाही, त्यामुळे टोकांतून रसायनांचा पूर सुटतो, त्यात ॲड्रिनालिनच्या घराण्यातली रसायनंही. हातपाय गार पडतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी असे रुग्ण पाहून पूर अडवण्याऐवजी पलीकडची दारं लावायचं ठरवलं. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी ॲड्रिनालिनच्या काही दारांवर बसते. हे काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक्स-रे काढायचीही मारामार असलेल्या ठिकाणी सिनॅप्सचं असं शास्त्र वापरलं गेलं, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही.

## ‘नको’ म्हणणारे निरोप

इथवर वाचून वाटेल की सिनॅप्सचं काम म्हणजे हुकूम पुढे ढकलणं. मेंदूत आणि मणक्यात निम्मी मजा ‘नको’ म्हणण्यात आहे. हात कोपरात दुमडताना पुढचा स्नायू आकसतो, त्या वेळी मागच्याला ‘तू थांब’ असा निरोप जावा लागतो. त्यासाठी वेगळी रसायनं आहेत, गाबा आणि ग्लायसिन. ही ऐकणाऱ्या पेशीला शांत करतात.

ती बंद पडली तर काय होतं ते आपल्या भाषेने नावातच सांगून ठेवलंय, धनुर्वात. जखमेतल्या जंतूचं विष तारेतून उलटं चढत मणक्यात जातं आणि ‘नको’ म्हणणाऱ्या पेशींमधला पुड्यांचा दोर कापतं. पुढचे-मागचे सगळे स्नायू एकदमच आकसतात, जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. गंमत म्हणजे सुरकुत्या घालवायला शहरात लोक जे बोटॉक्स टोचून घेतात, तेही असेच दोर कापतं, फक्त स्नायूपाशी. तिथे ‘कर’ म्हणणारा निरोप तुटतो, म्हणून कपाळ गुळगुळीत. तशीच कात्री, पण एका ठिकाणी माणूस ताठतो आणि दुसऱ्या ठिकाणी सैलावतो.

## इतका खटाटोप कशाला? थेट जोडून का दिलं नाही?

रास्त शंका. विजेचं रसायन करा, रसायनाची पुन्हा वीज, त्यात पाव-अर्धा हजारांश सेकंद गमवा, वर साप-विंचवांना घुसायला जागा ठेवा. थेट जोडणी निसर्गाला येत नाही असंही नाही. हृदयाच्या स्नायूपेशी एकमेकींना बारीक बोगद्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून सगळं हृदय एका दमात आकसतं. मेंदूतही काही ठिकाणी अशा जोडण्या आहेत.

पण थेट जोडणी म्हणजे टाळ्या वाजवणारा घोळका, एकाने वाजवली की सगळ्यांनी. त्यात विचार करायला जागा नाही. मेंदूतल्या एका पेशीवर हजारो सिनॅप्स असतात. कोणी ‘कर’ म्हणतंय, कोणी ‘नको’. पेशी बेरीज-वजाबाकी करते आणि एका पातळीच्या वर गेलं तरच स्वतःचा निरोप सोडते. ग्रामसभेसारखं, फक्त दर सेकंदाला अनेक वेळा, आणि कोरम नेहमी पूर्ण.

शिवाय फट बदलता येते. एखाद्या जोडीत वारंवार बोलणं झालं तर पलीकडे दारं वाढतात, अलीकडून पुड्या सहज सुटतात, तीच हाक आता मोठी ऐकू येते. बोलणं थांबलं तर उलट. पाढे पाठ होणं, सायकल येणं, चुलीचा चटका लक्षात राहणं, हे बरंचसं अशा बदलांतून घडतं. सशाच्या मेंदूत असा टिकाऊ बदल टीम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये दाखवला. एरिक कँडेलने समुद्री गोगलगायीवर त्याच धाग्याचा पाठपुरावा केला आणि २००० चं नोबेल मिळवलं. सोल्डर केलेल्या जोडात हे कसं जमणार?

## मग डोपामिन, सेरोटोनिन वगैरे?

हे शब्द हल्ली प्रत्येक रीलमध्ये असतात, म्हणून दोन गोष्टी सांगून मोकळं होतो. ही सिनॅप्समधली रसायनंच आहेत, पण ‘डोपामिन म्हणजे आनंद’ हे ‘ॲसिटिलकोलिन म्हणजे हात वर’ म्हणण्याइतकंच अर्धवट आहे. डोपामिन कमी पडलं की पार्किन्सन नावाच्या आजारात चालणं अडखळतं, तिथे आनंदाचा संबंध कुठे? रसायनाचा अर्थ कुलपावर आणि जागेवर ठरतो, हे धोतऱ्याने शिकवलंच आहे.

नैराश्यावरच्या ज्या गोळ्या खाडीतलं सेरोटोनिन परत उचलू देत नाहीत, त्या आपलं हे रासायनिक काम काही तासांतच सुरू करतात. माणसाला बरं वाटायला मात्र बहुधा आठवडे लागतात. नुसती टाकी रिकामी होती आणि ती भरली, असा हा हिशेब असता तर एवढा वेळ लागला नसता. म्हणून गोळ्या खोट्या ठरत नाहीत, आणि डॉक्टरांना न विचारता बंद करायच्याही नसतात. ‘रासायनिक असंतुलन’ हा शब्दप्रयोग तेवढा फार ढोबळ आहे.

चहाचं त्या मानाने सरळ आहे. दिवसभरात मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि आपल्या कुलपावर बसून ‘आता पुरे’ म्हणतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्या कुलपात जाऊन बसतं आणि काहीच म्हणत नाही. थकवा जात नाही, थकव्याची हाक तेवढी ऐकू येत नाही. नाग स्नायूपाशी करतो तोच प्रकार, पण आल्याचा वास आणि कप-बशी घेऊन.

मामाचं पुढे काय झालं, विचाराल. हात हलले, नळी निघाली, पेज गिळता येऊ लागली. टोकं उगवत होती, जिथे जशी उगवतील तशी. पापण्या मात्र घरी आल्यावरही आठवडाभर अर्ध्याच उघडत. भेटायला येणाऱ्यांना वाटे तो पेंगतोय, आणि ते त्याच्यासमोरच निर्धास्त बोलत राहत.